भैरवगढचे लग्नवस्त्र

उज्जयिनीचे नाव निघताच महाकालाचे शिखर, क्षिप्रेचे घाट आणि सिंहस्थाची गर्दी डोळ्यांपुढे उभी राहते. आम्हांस मात्र त्या नगरीस जाण्याचा योग आला तो एका लग्नाच्या वस्त्राकरिता. धर्मगुरूने वस्त्रखरेदीस जावे हे काहींस चमत्कारिक वाटेल. आम्हांसही वाटले होते. परंतु प्रकरण असे होते की, त्या वस्त्राचा रंग ठरत नव्हता, रंग ठरत नव्हता म्हणून दोन घरांत बोलाचाली होऊ लागली होती, आणि बोलाचालीच्या मुळाशी रंगाहून निराळेच काही होते. ते काय, हे आमच्याही ध्यानी उशिरा आले.

वधू आमच्या वसईकडील. वडील वारलेले, आईने एकटीने शिकवून मोठी केलेली मुलगी. कापडाच्या व्यवसायात नोकरीस असल्यामुळे रंगांविषयी तिचे स्वतःचे मत होते, आणि ते ती बोलून दाखवीत असे. वर उज्जयिनीचा. त्याचे आजोबा केरळातून माळव्यात आले आणि तेथेच स्थायिक झाले. उज्जयिनीस सिरो-मलबार परंपरेचा धर्मप्रांत आहे. त्याची पहिली उभारणी 1968 साली झाली आणि 1977 साली त्यास पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. पौर्वात्य ख्रिस्तसभांच्या नियमानुसार विवाह सामान्यतः वराच्या धर्मगुरूंसमोर व्हावयाचा असतो. तेव्हा लग्न उज्जयिनीस, सिरो-मलबार विधीने, आणि ईस्टरनंतर करावयाचे ठरले.

त्या विधीत एक सुंदर प्रसंग आहे. वर वधूच्या गळ्यात ‘मिन्नू’ बांधतो. मिन्नू म्हणजे पिंपळपानासारखे चिमुकले सोन्याचे पान. त्यावर बारीक मण्यांनी क्रूस उठविलेला असतो. त्यानंतर वर वधूच्या मस्तकावर एक नवे वस्त्र घालतो. त्यास ‘मंत्रकोडी’ म्हणतात. मलयाळम भाषेत ‘कोडी’ म्हणजे कोरे, नवे कापड. मिन्नू ज्या दोऱ्यात ओवावयाचा तो दोरा बाजारातून आणीत नाहीत. मंत्रकोडीच्याच कापडातून सात धागे काढून ते एकत्र वळतात. पुढे मिन्नू सोन्याच्या साखळीत जातो, परंतु लग्नाच्या वेळी तो या सात धाग्यांवरच असतो. म्हणजे जे वस्त्र मस्तकावर, त्याचेच धागे गळ्यात. हे वस्त्र द्यावयाचे वराच्या घरून. पण वापरावयाचे वधूने. आणि येथेच गाठ पडली.

वराच्या घरी पांढऱ्याचा मान. केरळातील जुन्या ख्रिस्ती स्त्रियांचे चट्टा आणि मुंडू हे नेसणे शुभ्र पांढरे. मुंडूच्या निऱ्यांचा पंखा मागे सोडलेला. वराची आई म्हणे, वस्त्र मोतिया पांढरे असावे, काठ सोनेरी. वधूची आत्या म्हणे, लग्नात आणि पांढरे? आमच्याकडे असे चालावयाचे नाही. लाल पाहिजे, आणि रेशमी पाहिजे. आत्याबाई वयाने मोठ्या, भावाच्या पश्चात या घराचे लग्नकार्य आपल्या शिरावर आहे असे मानणाऱ्या, आणि पदरमोड करून ते पार पाडणाऱ्या. त्यांचा अधिकार नाकारता येण्याजोगा नव्हता. वधूस स्वतःस निळा हवा होता. शेवटी वराच्या आईनेच तोड काढली. उज्जयिनीच्या वेशीवर भैरवगढ आहे. तेथे रंगारी वस्त्र करून देतील, दोन्ही घरांनी मिळून रंग निवडावे, आणि सोबत फादरांनीही यावे, म्हणजे वाद झाला तर तेथल्या तेथे मिटेल.

अशा रीतीने नाताळानंतरच्या दिवसांत आम्ही, वधू, तिची आई आणि आत्याबाई असे चौघे बोरिवलीहून अवंतिका एक्सप्रेसने निघालो. गाडी सुटताच वधूने आम्हांस एक नवा विषय दिला. ती म्हणाली, “फादर, स्कॉटलंडमध्ये लग्नासाठी नवे टार्टन विणून घेतात. दोन्ही घरांचे रंग घेऊन.” टार्टन म्हणजे त्या देशाचे चौकडीचे लोकरी कापड. आम्ही सेमिनरीत असताना एका स्कॉटिश धर्मगुरूंच्या छायाचित्रात ते पाहिले होते, याहून अधिक आमचे ज्ञान नव्हते. त्या रात्री तिने जे सांगितले व परतल्यावर आम्ही जे वाचले, त्याचा थोडा सारांश वाचकांस येथे देतो. कारण पुढील प्रसंगी त्याचा उपयोग झाला.

टार्टनमध्ये उभ्या धाग्यांचा जो रंगक्रम असतो, तोच सामान्यतः आडव्या धाग्यांचाही असतो. लाल इतके धागे, हिरवे इतके, पांढरे इतके, अशी ठरलेली मोजणी. जेथे लाल उभा धागा लाल आडव्यास भेटतो तेथे शुद्ध लाल दिसतो. जेथे लाल हिरव्यास भेटतो तेथे तिरप्या विणीमुळे दोन्ही रंग समसमान दिसतात आणि दुरून पाहणाऱ्यास तिसराच रंग भासतो. दोन रंग घेतले तर एक मिश्र रंग मिळतो; तीन घेतले तर तीन, चार घेतले तर सहा. म्हणजे चार रंगांचे सूत घेऊन बसलेल्या विणकराच्या कापडात दहा रंग उतरतात. त्यांपैकी सहा कोणीच आणलेले नसतात. विवाहेच्छू दांपत्यांस उपदेश करताना आम्ही गेली कित्येक वर्षे निरनिराळे दृष्टांत देत आलो. हा इतका सोपा दृष्टांत आमच्या हाती कधी लागला नव्हता, याची थोडी खंत वाटली.

स्कॉटिश लोक आपल्या टार्टनास अति प्राचीन मानतात, पण इतिहास त्यांस फारशी साथ देत नाही. चौकडीचे कापड जुने खरे. परंतु अमुक कुळाचे अमुकच टार्टन, ही शिस्त बरीच अलीकडची. 1746 च्या कायद्याने डोंगराळ मुलखातील पुरुषांच्या या पोशाखास बंदी झाली, ती 1782 साली उठली. 1822 मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोस आला, कादंबरीकार वॉल्टर स्कॉट याने त्याच्या स्वागताचा थाट मांडला, आणि जो तो आपल्या कुळाचे टार्टन शोधू लागला. ज्यांस सापडले नाही त्यांस गिरण्यांनी करून दिले. 1842 साली तर दोन भावांनी जुन्या हस्तलिखिताच्या आधाराने म्हणून एक भलामोठा ग्रंथच छापला. ते हस्तलिखित बनावट होते असे पुढे ठरले. तरीही त्यातील काही नमुने लोक आजही मोठ्या अभिमानाने अंगावर घालतात. आज तेथे टार्टनांची सरकारी नोंदवही आहे. ती 2009 साली सुरू झाली. कुटुंब, शहर, संस्था, एखादा प्रसंग, कशाचेही नवे टार्टन करून तीत नोंदविता येते. सप्टेंबर 2010 मध्ये पोपमहोदय सोळावे बेनेडिक्ट यांनी स्कॉटलंडला भेट दिली तेव्हा संत निनियन यांच्या नावाने असेच एक टार्टन सिद्ध झाले होते. त्यात व्हॅटिकनचा पांढरा व पिवळा, स्कॉटलंडच्या ध्वजाचा निळा, हिरवा, आणि कार्डिनल न्यूमन यांच्या स्मरणार्थ लाल; पांढऱ्या रेघेचे धागे आठ, कारण स्कॉटलंडचे कॅथलिक धर्मप्रांत आठ. पोपमहोदयांनी त्या टार्टनचे उपरणे खांद्यावर घेतले होते.

“मग तुझे टार्टन कोणत्या रंगांचे?” आम्ही विचारले. ती उत्तर देणार तोच आत्याबाई वरच्या बाकावरून म्हणाल्या, “रंग उद्या ठरवू. आणि हे बघ, तुझ्या आईने उद्या कापडाला हात लावायचा नाही हं. बसू दे बाजूला. विधवेचा हात नको.” वधूची आई खिडकीबाहेर पाहत होती, तशीच पाहत राहिली. वधूने आमच्याकडे पाहिले. आम्ही जपमाळ हाती घेतली.

वाचकहो, येथे आम्ही बोलावयास हवे होते. रात्र झाली होती, डब्यात इतर प्रवासी होते, आत्याबाईंचे वय पाहता चारचौघांत त्यांस दुखवणे बरे दिसले नसते, अशी कारणे आम्हांस त्या वेळी सुचली. ती कारणे खोटी नव्हती. पण ती आम्ही शोधली होती, हेही खोटे नाही.

भैरवगढ उज्जयिनीच्या उत्तरेस, क्षिप्रेच्या काठी वसले आहे. काळभैरवाचे मंदिर येथेच. देवास मद्य अर्पण करण्याच्या तेथील प्रथेमुळे ते देशभर ठाऊक आहे. सिद्धवट येथेच, आणि मध्यवर्ती कारागृहही येथेच. शिंद्यांची राजधानी ग्वाल्हेरला हलण्यापूर्वी उज्जयिनीस होती, त्यामुळे या शहरात जुनी मराठी घराणी आजही आढळतात, आणि दुकानदार आमची भाषा ऐकून दचकत नाही. वसईच्या 1739 च्या मोहिमेत चिमाजी अप्पांबरोबर शिंदे-होळकरही होते. त्या शिंद्यांच्या नगरीत वसईची ख्रिस्ती माणसे लग्नाचे वस्त्र रंगवावयास चालली होती!

येथील छिपा समाजाचा पिढीजात धंदा कापड छापण्याचा. लाकडी ठशांनी छापलेली लुगडी, घागरे, जाजमे माळव्यातील खेड्यापाड्यांत या गावातून जात. आज भैरवगढची प्रसिद्धी विशेषतः मेणाच्या कामाबद्दल, म्हणजे बाटिकबद्दल आहे. उज्जयिनीच्या बाटिक छपाईस 2023 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. गल्लीत शिरताच तापलेल्या मेणाचा वास येतो. आम्हांस तो ओळखीचा वाटला. वेदीवरच्या मेणबत्त्यांना जुन्या नियमाने मधमाश्यांचेच मेण लागे, आणि पुनरुत्थानाच्या रात्रीच्या स्तुतिगीतात मधमाशीच्या श्रमाचा उल्लेख अजूनही आहे. रंगाऱ्यांच्या कढईत मात्र मधमाशीच्या मेणाबरोबर खनिज मेणही असते. नुसते मधमाशीचे मेण मऊ, ते तडकत नाही. खनिज मेण ठिसूळ, ते तडकते, आणि त्या तडीतून रंग आत झिरपून कापडावर केसासारख्या शिरा उमटतात. बाटिकची ओळख त्या शिरांनीच पटते.

रंगारी साठीचे गृहस्थ होते. बोटे नखांपर्यंत निळी-काळी. वराची आई त्यांस ओळखत होती. तिने सारे प्रकरण सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि पहिलाच प्रश्न असा केला की, आम्ही सारे गप्प झालो.

“पांढरा कुठे ठेवायचा ते आधी सांगा.”

आत्याबाई म्हणाल्या, पांढरा नकोच आहे. ते म्हणाले, “नको असेल तरी सांगावे लागेल. बाकीचे रंग मी चढवीन. पांढरा चढवता येत नाही. तो राखावा लागतो. पहिले मेण पांढऱ्यावर.”

मग त्यांनी आपल्या कामाची रीत समजावून दिली. आमच्या कुमार वाचकांस ती रुचेल म्हणून थोड्या विस्ताराने देतो. कापड प्रथम धुऊन त्यातील खळ काढतात. जी जागा पांढरी राहावयाची तिच्यावर पातळ गरम मेण कलमाने किंवा कुंचल्याने घालतात. मग कापड सर्वांत फिक्या रंगात बुडवितात. समजा, पिवळ्यात. मेणाखाली पांढरे राहते, उरलेले पिवळे होते. आता जेथे पिवळा ठेवावयाचा तेथे मेण घालतात आणि पुढच्या, अधिक गडद रंगात बुडवितात. असा क्रम फिक्याकडून गडदाकडे चालतो. उलट जाता येत नाही. शेवटी कापड उकळत्या पाण्यात घातले की मेण सुटून वर तरंगते आणि सारे रंग एकदम दृष्टीस पडतात. तोवर रंगाऱ्यालाही ते मनातच पाहावे लागतात. रंगाची पाणी थंडच ठेवावी लागतात, नाहीतर मेण वितळेल. यासाठी जे रंग वापरतात ते नॅफ्थॉल जातीचे. त्यांचा शोध जर्मनीत 1912 साली लागला. त्यांना दोन पाणी लागतात. पहिल्या पाण्यातून कापड बाहेर आले की रंग चढला असे वाटतच नाही, काहीसे मळकट दिसते. ते दुसऱ्या पाण्यात उतरले की क्षणार्धात लाल किंवा निळा उसळून येतो. आम्ही ते दोनदा पाहिले आणि दोन्ही वेळा आमच्या तोंडून ‘अरे!’ निघाले.

पहिल्या पाण्यात कॉस्टिक असते व ते रेशमास मानवत नाही, तेव्हा वस्त्र सुती घ्यावे लागेल असे त्यांनी सांगितले. आत्याबाईंचा चेहरा उतरला. परंतु वराची आई लगेच म्हणाली, “कोडी म्हणजे कोरे कापड. आमच्या आजीची सुतीच होती.” रेशमाचा प्रश्न तेथे मिटला.

आता रंग. वधूने निळा मागितला. रंगारी हसून म्हणाले, “आधी हळदीसारखा पिवळा चढवू म्हणता ना? मग पिवळ्यावर निळा घातला तर निळा राहणार नाही, हिरवा होईल. आंब्याच्या जुन्या पानासारखा.” वधू थोडी हिरमुसली. तिची आई मागच्या बाजूस एका स्टुलावर बसली होती, ती हळूच म्हणाली, “हिरवा चुडा भरतातच की.” सकाळपासून तिने उच्चारलेले हे पहिले वाक्य. वधूने मागे वळून पाहिले आणि हिरवा कबूल केला.

लालाचा प्रश्न अधिक कठीण निघाला. हिरव्यावर लाल चढविला तर तो लाल न दिसता काळपट तपकिरी दिसतो. लाल आणि हिरवा एकाच कापडात शुद्ध हवे असतील, तर निळ्याच्या वेळी लालाची जागा मेणाखाली झाकून ठेवावयाची. मग सारे मेण उकळून काढावयाचे. पुन्हा लालाची जागा तेवढी उघडी ठेवून बाकी सर्वांवर मेण घालावयाचे. आणि मग लालात बुडवावयाचे. म्हणजे मेणाचे काम दोनदा, उकळणे दोनदा, दिवस दुप्पट. रंगारी म्हणाले, “लोक एवढे करून घेत नाहीत. तुम्हांला लाल कसा हवा आहे, दाखवा. डाळिंबी, विटकरी की कुंकवासारखा?”

आत्याबाईंनी बाजूच्या ताग्यांतून एकदोन दाखविले. पण हा नव्हे, तो नव्हे, असे होऊ लागले. तेवढ्यात वधूच्या आईने आपल्या पिशवीतून रुमालाची एक पुरचुंडी काढली. तिच्यात वीतभर कापडाचा तुकडा होता. वसईकडील आमच्या ख्रिस्ती स्त्रियांचे जुने नेसणे म्हणजे चौकडीचे सुती लुगडे. हा तुकडा तशाच एका लुगड्याचा, लाल जमिनीवर पिवळ्या व पांढऱ्या रेघांची चौकडी. ते लुगडे तिच्या लग्नातले. पती वारल्यावर तिने लाल सोडला, लुगडे ट्रंकेत गेले, पुढे कसर लागली तेव्हा चांगला राहिलेला भाग कापून ठेवला. तो ती एवढ्या लांब घेऊन आली होती आणि दुपारपर्यंत तिने तो काढला नव्हता.

रंगाऱ्याने हात पुढे केला. आत्याबाई मध्येच म्हणाल्या, “अगं, तू नको. दे इकडे, मी देते.”

या वेळी आम्ही बोललो. आदल्या रात्रीचे ऋण डोक्यावर होते म्हणून असेल, आवाज जरा मोठाच निघाला. आम्ही विचारले, “आत्याबाई, काना गावच्या लग्नात पवित्र मरिया होती ना? संत योसेफ कुठे होता?” त्या म्हणाल्या, ते शुभवर्तमानात सांगितलेले नाही. आम्ही म्हणालो, “नाही खरे. प्रभूच्या प्रकट कार्याच्या काळात योसेफ प्रत्यक्ष कुठेच दिसत नाही, आणि तोवर तो वारला होता असेच ख्रिस्तसभेत परंपरेने मानीत आले आहेत. म्हणजे त्या लग्नात द्राक्षारस संपल्याचे जिच्या ध्यानी आले, जिने सेवकांस सूचना दिल्या, ती कोण होती?”

आत्याबाई काही बोलल्या नाहीत. रागावल्या असाव्यात. धर्मगुरूने शास्त्र काढले की प्रतिवाद करता येत नाही, आणि असा लाभ घेणे नेहमी न्याय्य असतेच असे नाही. विधवेचा हात नको, ही समजूत काही त्यांनी जन्मास घातली नव्हती. ती त्यांस त्यांच्या आईने दिली, तिला तिच्या आईने. बाप्तिस्मा घेऊन चार-साडेचारशे वर्षे झालेल्या घरांतूनही ती टिकली, यात आमच्यासारख्या गप्प बसणाऱ्या धर्मगुरूंचा वाटा त्यांच्याहून कमी नसावा. आम्ही एवढेच म्हणालो की, चूक आमची आहे, हे आम्ही काल रात्रीच सांगावयास पाहिजे होते.

वधूच्या आईने तुकडा रंगाऱ्याच्या हाती दिला.

त्यांनी तो उजेडात धरला, उलटा केला, बोटाने धागे मोजले. म्हणाले, “हे मागावरचे काम आहे. यात रेघेने रेघेला कापलेले नाही. मी मेणाने रेघ ओढीन तेव्हा जिथे दोन रेघा भेटतील तिथे एक वर आणि एक खाली होईल. कुणाची वर ठेवू?” हिरव्या रेघा वराकडच्या आणि लाल वधूकडच्या, असे एव्हाना आपोआपच ठरून गेले होते. म्हणजे प्रश्न सरळ दोन घरांचा झाला! वराची आई म्हणाली, तुमची वर राहू द्या. आत्याबाई, सकाळी ज्या लालासाठी भांडत होत्या त्याच, मानाने म्हणाल्या, छे, मंत्रकोडी तुमची, तुमची राहू द्या. हे काही वेळ चालले.

वधूला टार्टन आठवले. तिने विचारले, “दोघांपैकी कुणावरच मेण घातले नाही तर?” रंगारी म्हणाले, “मग त्या चौकटीवर दोन्ही रंग बसतील. हिरव्यावर लाल. गडद होईल, जवळजवळ काळा.” काळा म्हणताच आत्याबाई दचकल्या, लग्नाच्या वस्त्रात काळा! पण या वेळी उत्तर आम्हांस द्यावे लागले नाही. वधूच्या आईने आत्याबाईंच्या गळ्यातील मंगळसूत्राकडे बोट केले. त्यातले मणी काळेच होते. आत्याबाईंनी खाली पाहिले, आणि प्रथमच त्यांस हसू आले. तसे आपल्याकडे काळ्याचे वावडे कधी होते? संक्रांतीला चंद्रकळा नेसणाऱ्या स्त्रिया आमच्या शेजारीपाजारी पुष्कळ. आणि पांढऱ्याविषयी म्हणाल, तर गोऱ्या वधूने पांढराच झगा घालावा हा रिवाज रूढ झाला तो मुख्यत्वे 1840 साली राणी व्हिक्टोरियाने आपल्या लग्नात पांढरे सॅटिन घातल्यापासून. त्यापूर्वी युरोपातही वधू निरनिराळ्या रंगांत लग्न लावीत. वेदीवरच्या वस्त्रांना ख्रिस्तसभेने रंगांचे नियम लावले आहेत, विवाहाच्या मिस्सेस पांढरा आहे, परंतु तो धर्मगुरूच्या अंगावर. वधूच्या वस्त्राच्या रंगाविषयी ख्रिस्तसभेचा कोणताही नियम नाही, हे आम्ही सर्वांस स्पष्ट सांगितले. जे नियम नाहीत ते देवाच्या नावावर खपविण्याची आपणां सर्वांस फार हौस.

राहता राहिला तो पहिलाच प्रश्न. पांढरा कुठे? रंगाऱ्याने मेणाची कढई चुलीवर चढविली होती आणि त्यांस आता उत्तर हवे होते. वराच्या आईस पांढरा सर्व वस्त्रभर हवा होता, पण एवढ्या रंगांत तो कसा मावणार, हे तिलाही उमगले होते. तेव्हा वधूची आई स्टुलावरून उठून टेबलापाशी आली. तिने विचारले, मिन्नूचे सात धागे कापडाच्या कोणत्या बाजूने काढतात? वराच्या आईने पदराची कड दाखविली. “मग तेवढी कड पांढरी ठेवा,” ती म्हणाली. “गळ्यात जाईल तो दोरा तुमच्याकडच्या रंगाचा असू द्या.” थोडे थांबून पुढे म्हणाली, “आणि माझ्याही.” तिच्या अंगावर पांढरी साडी होती.

रंगाऱ्याने कोरे कापड टेबलावर पसरले, कड तिच्यासमोर केली आणि कोठवर, असे विचारले. तिने कापडावर चार बोटे ठेवली. त्यांनी तेथे कोळशाने खूण केली आणि पहिले मेण घातले.

काम दोनदा उकळून पुरे झाले. ईस्टरनंतर लग्नासाठी आम्ही पुन्हा उज्जयिनीस गेलो तेव्हा वस्त्र पाहिले. पिवळी जमीन, तीवर हिरव्या आणि लाल रेघांची चौकडी, जेथे त्या भेटतात तेथे डाळिंबाच्या सालीच्या आतल्या अंगासारखा नव्हे, त्याहून पुष्कळ गडद, मंगळसूत्राच्या मण्याला शोभेल असा चौकोन. आणि साऱ्यातून मेणाच्या तडींच्या बारीक शिरा. लाल त्या तुकड्याशी तंतोतंत जुळला होता असे म्हणवत नाही. किंचित अधिक तेजस्वी होता. तुकडा तीस वर्षांचा, त्याला इलाज नाही. वधूचा निळा कोठेच नव्हता. तिने ते बोलूनही दाखविले.

लग्नाच्या सकाळी वराच्या घरी धागे काढावयास बसले. वराच्या आईने वस्त्राची पांढरी कड वधूच्या आईच्या मांडीवर ठेवली आणि सुई हाती दिली. सुती धागा ओढताना तुटतो, तेव्हा कापड ताणून धरावे लागते. दुसरे टोक आत्याबाईंनी धरले. पाचवा धागा मध्येच तुटला, म्हणून आणखी एक काढावा लागला.